लायसिन-२७ वर फोकस: विंचवाच्या विषाच्या एका चित्राच्या प्रकल्प नोंदी

२ मे २०२५, वेंगुर्ले

आमच्या कॉलेजातल्या विंचूदंशाच्या दालनातला चौथा फलक माझ्याकडे आला. पहिले तीन प्राणिशास्त्राच्या मॅडम करतायत: लाल विंचू ओळखायचा कसा, दंश झाल्यावर लगेच काय करायचं, आणि महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं काम. तिसऱ्या फलकाचा मजकूर आज वाचला. प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध विंचूदंशात हृदयावर येणारा ताण उतरवतं, हे त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मधून मांडलं आणि कोकणातल्या दंशाच्या मृत्यूंचं प्रमाण त्यानंतर झपाट्याने खाली आलं. इथल्या मुलांना हे नाव माहीत असायलाच हवं.

माझ्या फलकाचा विषय: विषाचा रेणू पेशीच्या दाराशी करतो काय. आकार दोन फूट बाय तीन फूट, उभा. जूनमध्ये कॉलेज सुरू होण्याआधी लागायला हवा. सध्या गावागावांत पावसाळ्याच्या बेगमीची कामं चालू आहेत. लाकडांची रास हलवायची, गडग्याचे जांभे उचलायचे, हात नेमका तिथेच जातो.

४ मे

रचना ठरली. प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा साठा, त्यातली ४जेटीए क्रमांकाची. पोटॅशियम चॅनेलच्या, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या पोटॅशियम जाण्याच्या दाराच्या, तोंडावर कॅरिब्डोटॉक्सिन हे विंचवाचं विष बसलेलं आहे, रॉडरिक मॅकिनन यांच्या प्रयोगशाळेतून २०१३ साली प्रसिद्ध झालेली. हे विष आपल्याकडच्या लाल विंचवाचं नाही, पश्चिम आशियातल्या पिवळ्या विंचवाचं आहे. आपल्या लाल विंचवाच्या विषात आयबेरियोटॉक्सिन आहे. दोन्ही ३७ अमिनो आम्लांची, दोन्हींत तीन डायसल्फाइड बंध (साखळीला बांधून ठेवणारे गंधकाचे दुवे), आणि क्रम साधारण दोन तृतीयांश सारखा. म्हणजे भावकीतलीच. पण फलकावर हे स्पष्ट लिहायचं, आणि आणखी एक गोष्टही: लाल विंचवाच्या दंशात जीवावर बेततं ते मुख्यतः सोडियम चॅनेलवर काम करणाऱ्या दुसऱ्या विषांमुळे. हे चित्र विष चॅनेलला धरतं कसं याचं आहे, माणूस दगावतो कसा याचं नाही. मॅडमशी बोलून मजकुराची पहिली ओळ तीच ठेवली.

मग हीच रचना का? कारण इथे जे घडतं ते एका नजरेत समजण्यासारखं आहे. विषातलं २७ व्या क्रमांकाचं अमिनो आम्ल, लायसिन, आपली लांब बाजूसाखळी थेट चॅनेलच्या भोकात घालतं. भोकात पोटॅशियम बसायच्या चार जागा आहेत, बाहेरून आत एस-१ ते एस-४. लायसिन आत शिरलं की सगळ्यात बाहेरची एस-१ जागा रिकामी सापडते. शोधनिबंधात याच लायसिनच्या जागी मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल घालूनही पाहिलंय, तेव्हा एस-१ मध्ये पोटॅशियम थोडाफार परत दिसतो. सगळी गोष्ट एका नायट्रोजन अणूच्या टोकाशी घडते.

६ मे

पायमोल या रेणूंची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलं चित्र उभं केलं. पायमोलची मुक्तस्रोत आवृत्ती कॉलेजच्या संगणकावर आहेच, वॉरेन डिलानो यांनी २००० साली बाहेर आणलेलं हे सॉफ्टवेअर आजही अशा कामाला पुरून उरतं. चॅनेलचे इतर भाग, म्हणजे बीटा उपघटक आणि विजेचा दाब ओळखणारे व्होल्टेज सेन्सर, लपवले, फक्त भोकाभोवतीचा भाग ठेवला. भोक ज्या चार उपघटकांनी बनतं त्यांतला समोरचा काढला, नाहीतर भोक दिसतच नाही. विष मातकट लाल, चॅनेल करडा-निळा, पोटॅशियमचे गोळे जांभळे, लायसिन-२७ पिवळं.

ए-फोरवर प्रिंट काढून टेबलावर ठेवली होती. केर काढायला आलेल्या मावशी थांबल्या, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “ह्यां सगळा गुतलेला दिसता. बघूचा खंय?”

हाच प्रश्न आहे. पिवळा रंग दिला म्हणून डोळा पिवळ्याकडे जात नाही. मागच्या उपघटकाची हेलिक्स (साखळीचं मळसूत्रासारखं वळण) तितकीच ठसठशीत, विषाचं पुढे आलेलं वेटोळं तितकंच ठसठशीत, कडा सगळीकडे सारख्याच धारदार. जवळचं-दूरचं कळायला काही आधारच नाही. मावशींचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पुढचं सगळं काम त्याला उत्तर द्यायचं.

८ मे

आधी सोपा उपाय: पायमोलचं धुकं, म्हणजे डेप्थ क्यू. लांबची वस्तू पार्श्वभूमीच्या रंगात विरत जाते. मागचा भाग मागे गेला हे खरं. पण धुकं कॅमेऱ्यापासूनच्या अंतरावर चालतं, त्यामुळे जे सगळ्यात पुढे ते सगळ्यात ठळक. इथे पुढे आहे विषाचं वेटोळं, आणि लायसिन त्याच्या १२ अँगस्ट्रॉम मागे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). धुकं घातलं की डोळा आणखीच वेटोळ्यावर अडतो. मला मधली एक पातळी धारदार हवी, पुढचं आणि मागचं दोन्ही मऊ. ते काम डेप्थ ऑफ फील्डचं, म्हणजे भिंगाला किती खोलीपर्यंतचं धारदार दिसतं त्याचं.

खऱ्या भिंगाने असा फोटो निघणं शक्यच नाही. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४,००० ते ७,००० अँगस्ट्रॉम, आणि माझं अख्खं दृश्य ८४ अँगस्ट्रॉम उंच. तेव्हा भिंग काल्पनिक आहे, हे कबूल करूनच पुढे जायचं. काल्पनिक असलं तरी त्याचं गणित मात्र खरं हवं, नाहीतर तो निव्वळ बोटाने फासलेला धूसरपणा होईल.

१० मे

पहिली पद्धत: खोलीचा नकाशा. सगळे अणू पांढरे, पार्श्वभूमी काळी, सावल्या आणि चमक बंद, फक्त धुकं चालू. जे चित्र येतं त्यात प्रत्येक पिक्सेलचा करडेपणा म्हणजे त्याची खोली. मग मूळ चित्रातला प्रत्येक पिक्सेल त्याच्या खोलीप्रमाणे कमी-जास्त ब्लर करायचा. नकाशा काढताना अँटीअलायझिंग, म्हणजे दातेरी कडा मऊ करायची सोय, बंद ठेवायचं. चालू ठेवलं तर कडेवर पांढऱ्या-काळ्याच्या मधले करडे येतात, आणि तिथे काहीच नसताना अधांतरी खोली मिळते.

आठ बिटांत २५६ पायऱ्या. ६० अँगस्ट्रॉम खोलीला त्या भागल्या तर पायरी पाव अँगस्ट्रॉमपेक्षाही कमी. तेवढी बारीक पुरते, तिथे अडचण नाही.

अडचण कडांवर आहे. विषाचं वेटोळं भोकाच्या पुढे येतं. खऱ्या भिंगात धूसर झालेल्या पुढच्या वस्तूच्या कडेआडून मागचं थोडं दिसतं, कारण भिंगाचा डावा काठ आणि उजवा काठ वेगवेगळं पाहतात. एकाच चित्रात ते “आडचं” मुळात नोंदलेलंच नाही. स्क्रिप्ट ते कुठून आणणार? मग वेटोळ्याभोवती मातकट लाल प्रभावळ येते आणि ती नेमकी लायसिनवर पसरते. जिथे लख्ख दिसायला हवं तिथेच गढूळ. कडा भरून काढायच्या युक्त्या आहेत, पण त्या सगळ्या अंदाजाने रंग भरतात. रेणूच्या चित्रात अंदाजाने भरलेला रंग मला नको. ही पद्धत सोडली.

१२ मे

दुसरी पद्धत जुनी आणि साधी आहे. १९८४ साली कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांनी रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे किरणांचे मार्ग मोजून चित्र काढायच्या पद्धतीत, भिंगाच्या वेगवेगळ्या बिंदूंतून किरण सोडले. १९९० साली हेबर्ली आणि एकली यांनी तीच गोष्ट अनेक चित्रांची सरासरी घेऊन केली. भिंग म्हणजे एक गोल चकती. चकतीवर ठिकठिकाणी कॅमेरा ठेवून फोटो काढा, प्रत्येक वेळी फोकसचा बिंदू चित्रात त्याच जागी येईल असं पाहा, आणि सगळे फोटो एकमेकांवर ठेवून सरासरी काढा. फोकसच्या पातळीतलं सगळं जागच्या जागी राहतं म्हणून धारदार, बाकीचं सरकतं म्हणून धूसर. आडचं दिसण्याचा प्रश्न आपोआप सुटतो, कारण बाजूला सरकलेल्या कॅमेऱ्याला ते खरंच दिसलेलं असतं.

पायमोलसाठी याच कल्पनेवरची फोकलब्लर नावाची तयार स्क्रिप्ट आहे. ती वाचली. तरी स्वतःची लिहायची ठरवली, कारण मोठ्या छपाईसाठी काही गोष्टी माझ्या हातात हव्या होत्या.

सर्वांत सोपा मार्ग रेणूच फिरवायचा. ओरिजिन या आज्ञेने फिरण्याचा मध्य लायसिन-२७ च्या टोकाच्या नायट्रोजनवर, म्हणजे एनझेड अणूवर ठेवायचा. ही आज्ञा चित्राची चौकट हलवत नाही, नुसता आस बदलते. मग टर्नने एक्स आणि वाय भोवती अंशभराच्या आत फिरवत राहायचं. अर्ध्या आकाराचं चित्र संध्याकाळपर्यंत हातात आलं. बघताक्षणी कळलं की हाच रस्ता. नायट्रोजनचं टोक तेवढं लख्ख, त्याखाली जांभळे गोळे, आणि मागची हेलिक्स मागे गेलेली.

१५ मे

फिरवण्याची पद्धत कडांना थोडी चुकते. किती, ते मोजलं. माझं दृश्य ५६ अँगस्ट्रॉम रुंद, ८४ उंच. पायमोलचा नेहमीचा दृष्टिकोन, म्हणजे कॅमेऱ्याला वर-खाली दिसणारा कोन, २० अंश, त्यामुळे कॅमेरा फोकसपासून २३८ अँगस्ट्रॉमवर. भिंगाची त्रिज्या ३.३ अँगस्ट्रॉम धरली तर फिरवायचा कोन साधारण ०.८ अंश. फिरवल्यावर फोकसची पातळीही कलते. चित्राच्या मध्यावर फरक शून्य, पण वरच्या कडेला, मध्यापासून ४२ अँगस्ट्रॉमवर, फोकसच्याच पातळीतला अणू छपाईच्या आकारात १३ पिक्सेल पसरतो. मागे २५ अँगस्ट्रॉमवरच्या अणूचा अपेक्षित पसारा ४० पिक्सेल. म्हणजे कडेला एक तृतीयांश ब्लर उगाचच. दुसरं म्हणजे पायमोलचे दिवे कॅमेऱ्याला बांधलेले असतात. रेणू फिरला की सावल्या सरकतात, आणि सरासरीत लायसिनच्या मुळाशी पडलेली सावलीही विरघळते. ती मला हवी आहे. बाजूसाखळी भोकात उतरतेय हे तीच सांगते.

म्हणून फिरवायचं नाही, सरकवायचं. मूव्ह या आज्ञेने कॅमेरा डावी-उजवीकडे आणि वर-खाली समांतर हलवला की फोकसची अख्खी पातळी चित्रात सारखी सरकते. किती सरकली ते नेमकं माहीत आहे: ३,६०० पिक्सेलला ५६ अँगस्ट्रॉम, म्हणजे अँगस्ट्रॉमला ६४.३ पिक्सेल. तेवढे पिक्सेल चित्र उलट सरकवून जागेवर आणायचं. पातळी कलत नाही, दिव्यांची दिशा बदलत नाही, सावल्या जिथल्या तिथे. हे खऱ्या भिंगाचंच गणित आहे, कुठे अंदाज नाही.

किंमत एवढीच की कडांना जागा सोडावी लागते. ३.३ अँगस्ट्रॉम म्हणजे २१२ पिक्सेल, चारी बाजूंना. चित्र ३,६०० बाय ५,४०० ऐवजी ४,०२४ बाय ५,८२४ काढायचं आणि शेवटी कापायचं. काम २१ टक्के वाढतं. मोजमाप तेच राहावं म्हणून दृष्टिकोन २० वरून २१.५ अंश करायचा. पायमोल कॅमेऱ्याची स्थिती ज्या अठरा आकड्यांत ठेवतं त्या व्ह्यूमधला शेवटचा तोच आहे, तिथेच भरला. बारावा आकडा म्हणजे फोकसचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर, उणे चिन्हासह. ओरिजिन एनझेडवर असल्यामुळे आयता मिळतो. प्रत्येक फ्रेमआधी, म्हणजे सरासरीतल्या प्रत्येक चित्राआधी, मूळ व्ह्यू पुन्हा बसवायचा आणि तिथून सरकायचं. आधीच्या जागेवरून पुढे सरकत गेलं तर दशांशातल्या तुटी साचत जातात.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी: ऑर्थोस्कोपिक मोड बंदच हवा. त्या मोडमध्ये जवळचं आणि दूरचं सारखंच सरकतं, त्यामुळे सगळं चित्र धारदार राहतं आणि ब्लर कुठे गेला ते कळत नाही.

१६ मे

आज या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट हाती लागली.

फोकसमधला भाग प्रत्येक फ्रेममध्ये अगदी त्याच पिक्सेलवर येत असेल तर सरासरी घेऊनही त्याच्या कडा दातेरीच राहतात. धूसर भाग आपोआप गुळगुळीत, आणि जिथे डोळा टेकणार तिथेच जिन्याच्या पायऱ्या. उपाय म्हणून अँटीअलायझिंग चालू ठेवलं तर प्रत्येक फ्रेमचा वेळ कितीतरी वाढतो.

पण समांतर सरकवण्यात उत्तर दडलेलं आहे. समजा एका फ्रेममध्ये कॅमेरा अशा जागी आहे की फोकसची पातळी ११३.३७ पिक्सेल सरकली. परत आणताना पूर्ण ११३ पिक्सेलच आणायचे. उरलेले ०.३७ तसेच राहू द्यायचे. पुढच्या फ्रेममध्ये उरतील उणे ०.२१, त्यापुढच्यात आणखी काही. प्रत्येक फ्रेम अर्ध्या पिक्सेलच्या आत इकडेतिकडे पडते आणि सगळ्यांच्या सरासरीत फोकसमधल्या कडा आपोआप मऊ होतात. अँटीअलायझिंग पूर्ण बंद. पूर्णांकात सरकवल्यामुळे चित्राचं पुनर्नमुनाकरण, म्हणजे पिक्सेलचे रंग नव्याने काढणं, करावं लागत नाही, म्हणजे त्यातून येणारा गुळमुळीतपणाही टळला. नायट्रोजनच्या गोळ्याची कड चारशे टक्के मोठी करून पाहिली, अगदी स्वच्छ. भौतिकशास्त्राच्या सरांना बोलावून दाखवली. तेही दोन मिनिटं काही न बोलता बघत राहिले आणि मग म्हणाले, “हे आपण बारावीला शिकवूया.”

१९ मे

किती फ्रेम लागतात? ४० पिक्सेल व्यासाच्या डागात फ्रेमचे ठिपके तीन-तीन पिक्सेलवर पडायला हवेत, तर साधारण १५०. तीनच का? छपाई १५० डीपीआय, म्हणजे इंचाला १५० पिक्सेल, तेव्हा तीन पिक्सेल अर्धा मिलिमीटर. फलक माणूस दीड मीटरवरून बघतो आणि त्या अंतरावरून नजर जेमतेम तेवढंच वेगळं करू शकते. १६० धरल्या. कमी फ्रेममध्ये मागची हेलिक्स धूसर होत नाही, तिच्या एकावर एक प्रती दिसतात, जणू चार हेलिक्स.

चकतीवर ठिपके पसरायला आधी सूर्यफुलातल्या बियांची मांडणी घेतली होती: दर ठिपक्याला १३७.५ अंश वळायचं आणि मध्यापासून हळूहळू बाहेर जायचं. पसरण उत्तम. पण ती मध्याकडून काठाकडे भरत जाते. काल दुपारी लाइट गेली तेव्हा फ्रेम निम्म्याच झाल्या होत्या. हिशेब तसा साठवलेला होता, पण जे चित्र हाती होतं ते अर्धवट ब्लरचं नव्हतं, लहान भिंगाचं होतं. बघून काही ठरवताच येईना.

म्हणून हॅल्टन क्रम घेतला, दोन आणि तीन या पायांचा. तो पहिल्या काही ठिपक्यांपासूनच अख्ख्या चकतीवर विखुरतो. कुठेही थांबलं तरी भिंग पूर्ण, फक्त दाणेदार. ठिपका चकतीवर बसवताना त्रिज्येसाठी वर्गमूळ घ्यायचं, नाहीतर मध्याशी गर्दी होते. दर दहा फ्रेमनंतर बेरीज आणि शेवटचा क्रमांक डिस्कवर. बेरीज ३२ बिटांच्या दशांशांत, साधारण २३३ मेगाबाइट. लाइट आली की स्क्रिप्ट तिथूनच पुढे. आमच्याकडे मे अखेरीला वीज अशीच असते, तेव्हा स्क्रिप्टनेच तिच्याशी जुळवून घेतलेलं बरं.

२२ मे

पाऊस. पूर्वमोसमी म्हणतायत, पण पडतोय आषाढासारखा. वीज येऊन-जाऊन. बेरजेची फाइल शाबूत आहे.

२५ मे

मान्सून आज देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. इतक्या लवकर! लाकडं-शेणी अजून निम्म्या घरांची बाहेरच. पाऊस शिरला की बिळातला विंचू कोरड्या जागेच्या शोधात घराकडे येतो; मॅडमनी प्रथमोपचाराच्या फलकाच्या ए-फोर प्रती काढून ग्रामपंचायतीत आणि रेशन दुकानात आधीच लावल्या. दालनाची वाट बघायची नाही, हा त्यांचा निर्णय एकदम योग्य.

२६ मे

रंगांची सरासरी. चित्राच्या फाइलमधले आकडे डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात, प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. काळा आणि पांढरा अर्धा-अर्धा मिसळला तर सरळ सरासरी १२८ येते, पण प्रकाशाच्या हिशेबाने १८८ यायला हवी. भिंग प्रकाश मिसळतं, आकडे नाही. म्हणून आधी प्रत्येक चित्र सरळ प्रमाणात आणायचं, बेरीज करायची, शेवटी परत वाकवायचं. पायमोलच्या छटा काही खऱ्या प्रकाशाच्या मोजमापातून येत नाहीत, तेव्हा कोणी सरळ सरासरी घेतली तर मी वाद घालणार नाही. पण कडेवर किती भाग वस्तूचा आणि किती पार्श्वभूमीचा, हे प्रमाण खरं असतं, आणि ते प्रकाशानेच मिसळायला हवं.

याचा परिणाम पार्श्वभूमीवर अवलंबून. गडद निळ्यावर मागच्या हेलिक्सच्या कडा उजळून पसरल्या, दिसायला देखण्या. पण छपाईवाल्या काकांनी आधीच सांगितलंय, “मॅडम, एवढा गडद पट्टा देऊ नका, रेघा दिसतील आणि हात लागला की ओरखडे.” फिकट पार्श्वभूमीवर उलट होतं: बारीक गडद गोष्टी पांढऱ्यात फिक्या पडतात. आमच्यासाठी ते चांगलंच. मागचा उपघटक मऊही झाला आणि फिकाही, म्हणून धुकं पूर्ण काढून टाकलं. एका कामाला दोन खुणा कशाला?

२९ मे

गोव्यात संशोधन करणारा आमचा जुना विद्यार्थी सुट्टीवर आलाय. चित्र बघून त्याने जी शंका काढली ती मला महत्त्वाची वाटली. “मॅडम, आमच्या क्षेत्रात धूसर दिसलं की वाटतं, तिथली रचना नीट सापडलेली नाही. साखळी हलती आहे, बी-फॅक्टर, म्हणजे अणूच्या जागेची अनिश्चितता, जास्त आहे. तुमची मागची हेलिक्स तर छान ठरलेली आहे ना?”

ठरलेलीच आहे. सममितीने चारही उपघटक अगदी एकसारखे, म्हणजे धूसर दिसणारा मागचा आणि लख्ख दिसणारा बाजूचा यांच्या खात्रीत कणभरही फरक नाही. पण चित्र ते सांगत नाही. उलट लायसिनच तेवढं खात्रीचं आणि बाकी संशयास्पद, असं सुचवतं. माझ्या मते डेप्थ ऑफ फील्ड वापरणाऱ्या प्रत्येकाने याचं उत्तर द्यायला हवं. बरेच जण देत नाहीत. सुंदर मुखपृष्ठ होतं आणि वाचणारा भलतंच शिकून जातो.

मी दोन गोष्टी केल्या. चित्राखाली ठळक ओळ: “धूसर म्हणजे दूर किंवा फार जवळ. चॅनेलचे चारही उपघटक सारखेच निश्चित आहेत.” आणि कोपऱ्यात तेच दृश्य ब्लरशिवाय, तळहाताएवढं. ज्याला सगळं तपासायचंय त्याला तिथे सगळं धारदार मिळेल.

३१ मे

पूर्ण आकाराच्या एका पट्टीची चाचणी छपाई. ४० पिक्सेलचा ब्लर कागदावर जवळपास सात मिलिमीटर. पडद्यावर जे मऊ वाटत होतं ते भिंतीवर फार झालं. मागची हेलिक्स हेलिक्स आहे हेच ओळखू येईना. आणखी एक खोट: इतका उथळ फोकस आपण एरवी फक्त अगदी जवळून काढलेल्या फोटोत पाहतो, त्यामुळे चॅनेल टेबलावर ठेवलेल्या खेळण्यासारखा वाटायला लागला. मुलं आधी “हे कसलं बनवलंय?” असं विचारतील. तो प्रश्न मला नको.

भिंगाची त्रिज्या ३.३ वरून २.२ केली. मागे २५ अँगस्ट्रॉमवर ब्लर २७ पिक्सेल, पुढच्या वेटोळ्यावर साधारण १५. हेलिक्सचं वळण आता ओळखू येतं, पण डोळ्याला ओढत नाही. चारी बाजूंची जागाही २१२ वरून १४२ पिक्सेलवर आली, तेव्हा फ्रेम थोड्या लवकर होतात. दृष्टिकोन त्या हिशेबाने पुन्हा काढला. फ्रेम १६० च ठेवल्या, आता ठिपके दोन पिक्सेलच्या आसपास पडतात.

२ जून

फोकस नेमका कशावर, यावर मॅडमशी बराच खल झाला. एनझेडवर ठेवला तर लायसिनचं टोक आणि खालचे पोटॅशियम, सगळेच भोकाच्या आसावर असल्यामुळे, एका पातळीत धारदार येतात. मॅडमना वाटत होतं की विषाचा पाठीचा कणाही लख्ख हवा, कारण मुलांना “विष कुठलं” हे आधी कळायला हवं. त्यांचं म्हणणं मोडीत काढण्यासारखं नाही. शेवटी फोकस दोन अँगस्ट्रॉम पुढे, विषाच्या बाजूला घेतला. एनझेडचा ब्लर त्यामुळे अडीच पिक्सेलच्या आत राहतो, कागदावर अर्ध्या मिलिमीटरहून कमी, म्हणजे नजरेला धारदारच. आणि विषातली लायसिनजवळची पट्टी लक्षणीय सुधारली. पोटॅशियमचे गोळे जसेच्या तसे. एस-१ च्या रिकाम्या जागी एक तुटक वर्तुळ काढलं. ते रचनेत नाही, माझी खूण आहे, म्हणून वेगळ्या रंगात आणि मजकुरात तसं लिहून.

४ जून

शेवटचं चित्र रात्रभर चाललं, मधे एकदा वीज गेली, सकाळी स्क्रिप्ट पुढे चालू होऊन पूर्ण. छपाईला फाइल दिली.

देण्याआधी ए-थ्रीवर दोन प्रिंटा काढून भिंतीवर शेजारी-शेजारी लावल्या, एक ब्लरविना, एक ब्लरसकट. मावशींना विचारलं, काही न सांगता. पहिल्यावर त्यांची नजर फिरत राहिली. दुसऱ्यावर बोट थेट भोकाच्या तोंडाशी टेकलं. “हयसर कायतरी अडाकला.”

विद्यार्थ्यालाही बोलावलं. त्याने आधी खालची ओळ वाचली, मग कोपऱ्यातलं छोटं चित्र पाहिलं, आणि “आता हरकत नाही” म्हणाला.

९ जून

फलक लागला. स्क्रिप्ट प्रयोगशाळेच्या संगणकावर ठेवली आहे. तिला पाच गोष्टी सांगायच्या: फोकसचा अणू, फोकस पुढे-मागे किती, भिंगाची त्रिज्या अँगस्ट्रॉममध्ये, फ्रेम किती, आणि छपाईचा आकार. कडेची जागा आणि दृष्टिकोन ती स्वतः काढते. ऑर्थोस्कोपिक मोड चालू असेल तर थांबते आणि तसं सांगते. ब्लरविना असलेली प्रत प्रत्येक वेळी शेजारी साठवते. ती बंद करायची सोय मी मुद्दाम ठेवलेली नाही.

बारावीच्या दोन मुली पुढचा फलक करणार आहेत, सोडियम चॅनेलवरच्या विषाचा. तिथे विष भोकात जात नाही, चॅनेलच्या बाजूला व्होल्टेज सेन्सरला धरतं. म्हणजे बघायची जागा एक नाही, दोन: विष धरतं ती, आणि भोक मिटायला उशीर होतो ती. दोन्ही एका पातळीत येतील असा कोन सापडतो का, हे त्या आधी शोधतायत. नाही सापडला तर एका चित्रात दोन फोकस करायचे नाहीत, दोन चित्रं काढायची, एवढं आमचं ठरलंय.